चौदा महिन्यांची नोंद: आरसा, फोटो, टेप आणि वही

वहीवाला (धागाकर्ता)

हौसेखातर वजने उचलणाऱ्यांनी आपापली प्रगती मांडावी आणि एकमेकांना धीर द्यावा, म्हणून हा धागा काढत आहे. सुरुवात स्वतःपासून करणे बरे. माझे वय ३६, उंची १७२ सेंटिमीटर. चौदा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा व्यायामशाळेत पाऊल ठेवले, तेव्हा वजन ६४.२ किलो होते. आज ते ६९ किलो आहे. कंबर ८१ ची ८१.५ झाली, छाती ८९ वरून ९५ वर, उजवा दंड २९.५ वरून ३२.५ वर आणि मांडी ५० वरून ५४.५ सेंटिमीटरवर आली. पाच आवर्तनांच्या सेटमध्ये, म्हणजे सलग पाच वेळा उचलताना, स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) ४० किलोवरून ९७.५, बेंच प्रेस (उताणे पडून छातीवरून वर ढकलणे) ३० वरून ६५, डेडलिफ्ट (जमिनीवरून उचलून ताठ उभे राहणे) ५० वरून १२५ आणि ओव्हरहेड प्रेस (उभ्याने डोक्यावर ढकलणे) नुसत्या २० किलोच्या बारवरून, म्हणजे वजने लावायच्या लोखंडी दांडीवरून, ४२.५ किलोपर्यंत पोहोचला. पुल-अप (दांडीला लटकून अंग वर खेचणे) एकही निघत नव्हता, आता सात निघतात.

आकडे वाचायला बरे वाटतात, पण पहिला फोटो आणि परवाचा फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा माझाच हिरमोड झाला. घरी दाखवले, तर "यातला नंतरचा कोणता?" असा प्रश्न आला, आणि तो चेष्टेने विचारलेला नव्हता. आठवड्याचे तीन दिवस, एकही आठवडा न चुकवता घालवलेल्या चौदा महिन्यांचे हे फळ पाहून दोन दिवस व्यायामशाळेकडे फिरकावेसे वाटले नाही. म्हणून विचारतो की प्रगती नक्की कशाला म्हणायचे, ती मोजायची कशी, आणि दुसऱ्याने ती मांडली तर आपण तिला काय उत्तर द्यायचे? ज्यांना फोटो टाकायचे असतील त्यांनी चेहरा झाकला तरी चालेल. कोणाच्या शरीराची टिंगल मात्र या धाग्यावर नको.

लोखंडी_शंका

दंडाच्या घेरात तीन सेंटिमीटर म्हटले की ते बोटाच्या एका पेराएवढे वाटते, आणि तिथेच आपण स्वतःवर अन्याय करतो. दंडाचा छेद ढोबळमानाने वर्तुळ धरला, तर त्याचे क्षेत्रफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, २९.५ चा घेर ३२.५ झाला याचा अर्थ छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २१ टक्क्यांनी वाढले. त्यात हाड वाढलेले नाही, आणि कंबर जवळपास जागच्या जागी असल्यामुळे चरबीचा वाटाही थोडाच असणार. मग हे दिसत का नाही? कारण डोळा घेर मोजत नाही, तो समोरून रुंदी पाहतो, आणि घेर तीन सेंटिमीटरने वाढला तरी रुंदी जेमतेम एका सेंटिमीटरने वाढते. तुमच्या घरच्यांचे डोळे शाबूत आहेत, त्यांना दोष देऊ नका.

माझी शंका वेगळीच आहे. टेप दर वेळी त्याच जागी लावली होती का, दंड ताणलेला होता की सैल, आणि माप व्यायामाआधीचे की नंतरचे? हे ठरलेले नसेल, तर माझे वरचे सगळे गणित पाण्यात.

वहीवाला

खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, सकाळी, व्यायामाच्या आधी. पहिल्या दिवसाचे मापही असेच घेतले होते. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत मात्र मोह आवरला नाही आणि व्यायाम संपताच, दंड फुगलेला असताना टेप लावत राहिलो. ती मापे वहीत लाल शाईने खोडून ठेवली आहेत. फाडून टाकली नाहीत, कारण स्वतःला कसे फसवले जाते तेही नोंदलेले असावे.

पहाटपाळी

फोटोंविषयी मी लिहिते, कारण त्या बाबतीत मी स्वतः वर्षभर फसले आहे. वरून पडणारा प्रकाश खांद्याच्या, छातीच्या आणि पोटाच्या प्रत्येक उंचवट्याखाली सावली टाकतो. समोरून पडणारा प्रकाश त्याच सावल्या पुसून टाकतो. त्यामुळे एकाच माणसाचे एकाच मिनिटात घेतलेले दोन फोटो सहा महिन्यांच्या अंतराचे वाटू शकतात. फोन हाताच्या अंतरावर धरला, तर जवळचा अवयव प्रमाणाबाहेर मोठा दिसतो आणि लांबचा आकसतो. व्यायामानंतर स्नायूंत भरलेल्या रक्ताचा फुगवटा थोड्या वेळाने ओसरतो, आणि जिन्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत निम्मा गेलेला असतो असा माझा तरी अनुभव आहे.

म्हणून आता माझा शिरस्ता असा आहे: चार आठवड्यांनी एकदा, सकाळी उठल्या उठल्या, त्याच भिंतीसमोर, खिडकी डाव्या हाताला ठेवून, फोन अडीच मीटरवर छातीच्या उंचीला स्टँडवर लावायचा आणि पोट न ओढता समोरून, बाजूने आणि पाठमोरा असे तीन फोटो घ्यायचे. चार आठवड्यांचे अंतर मुद्दाम ठेवले आहे. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेक जणींच्या शरीरात पाणी साठते, वजनकाट्यावर एखादा किलो सहज वाढलेला दिसतो आणि पोट तटतटते. चक्रातला एक दिवस दुसऱ्याच दिवसाशी ताडून पाहिला, तर महिनाभराचे कष्ट वाया गेल्यासारखे वाटतात. ज्यांचे चक्र अनियमित आहे त्यांनी तारखेऐवजी पाळी सुरू झाल्यापासूनचे दिवस मोजावेत.

माझी नोंद: वय ४१, व्यायामाची दोन वर्षे पूर्ण. वजन ५८ वरून ६०.५ किलो झाले, कंबर तीन सेंटिमीटरने कमी झाली आणि डेडलिफ्टचा एक उचल ९० किलोचा आहे. "वजने उचललीस तर पुरुषासारखी दिसशील" हे वाक्य सुरुवातीला इतक्यांदा ऐकले की काही महिने मी डंबेलही लपूनछपून हातात घेत असे. प्रौढ पुरुषांच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारे पुरुषी संप्रेरक, स्त्रियांपेक्षा साधारण पंधरा पट असते, ही साधी गोष्ट तेव्हा कोणी सांगितली असती तर ते महिने वाचले असते. दोन वर्षे मरमर करून माझे खांदे ब्लाऊजच्या बाहीला थोडे तटतात, एवढेच पुरुषत्व पदरी पडले आहे.

साठीकडे

मी या धाग्यावर बहुधा वयाने सर्वांत मोठा असेन. वय ५८. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या दुखण्यासाठी व्यायामोपचार घेतले आणि तिथून लोखंडाची वाट सापडली. पुढे वाचनात आले की ही वाट मुळातच गुडघ्यांतून गेलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलोर्म नावाच्या अमेरिकी लष्करातील तरुण डॉक्टरने जखमी सैनिकांच्या मांड्यांसाठी हलक्या, कंटाळवाण्या हालचालींऐवजी जड आणि क्रमाने वाढत जाणारी वजने वापरायला सुरुवात केली. १९४८ पर्यंत त्याची पद्धत तीन सेटवर येऊन स्थिरावली: दहा वेळा जेमतेम उचलता येईल त्या वजनाच्या आधी निम्म्याने, मग पाऊणपट आणि शेवटी पूर्ण. आज आपण ज्याला वॉर्म-अप आणि मुख्य सेट म्हणतो, त्याचे हे आजोबाच म्हणायचे.

माझ्या फोटोत काही पाहण्यासारखे नाही, त्यामुळे तो टाकत नाही. पूर्वी जमिनीवर बसलो की उठताना पलंगाचा किंवा कोणाच्या तरी हाताचा आधार लागत असे. आता मांडी घालून बसलेला हात न टेकता उठतो. स्क्वॉट ६० किलोचा आहे, पाच आवर्तने, आणि प्रत्येक आवर्तन तरुणांच्या एका गाण्याएवढे सावकाश. ज्यांना वाटते की आता उशीर झाला, त्यांच्यासाठी १९९० सालचा एक प्रयोग सांगतो. बोस्टनमधील एका वृद्धालयातल्या, सरासरी ९० वर्षे वयाच्या मोजक्या स्त्री-पुरुषांकडून आठ आठवडे मांड्यांचा जड व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीतल्या स्नायूंचा छेद सुमारे ९ टक्क्यांनी. ताकदीत एवढी झेप आणि आकारात एवढीशी भर, हे प्रमाण धागाकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. तुमच्याही बाबतीत आधी वही वाढली आहे, आरसा मागून येतो आहे.

लोखंडी_शंका

साठीकडे यांनी सांगितलेल्या प्रमाणामागचे कारण जोडतो. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. असलेल्याच स्नायूंतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला शरीर शिकते, आणि स्नायूंची जाडी त्यानंतर हळूहळू त्यात भर घालते. १९७९ साली मोरितानी आणि डी'व्रीस या संशोधकांनी दंडाच्या स्नायूंवर आठ आठवडे प्रयोग करून हा क्रम दाखवला. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात "ताकद आली पण अंग का भरत नाही" असा प्रश्न पडणारा माणूस अगदी ठरल्या वेळापत्रकानुसार चाललेला असतो.

तेविशीतला

हा सगळा धागा वाचला आणि हेवा वाटला. माझे वय २३ आहे. एक वर्ष झाले, वजन ५९ वरून ६५ झाले, बेंच प्रेस ४० किलोच्या आठ आवर्तनांवरून ७० किलोच्या सहा आवर्तनांवर आला. पण फोटोंमध्ये मी उलट लहान होत चाललो आहे. हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. दुसऱ्या महिन्यातला फोटो आणि काल रात्रीचा फोटो सोबत जोडला आहे. दुसऱ्या महिन्यात खांद्याच्या रेषा दिसत आहेत, आता तिथे सपाट भिंत आहे. गेल्या आठवड्यात खाणे कमी करून पाहिले, तर सहा दिवसांत दोन किलो उतरले, म्हणजे वर्षभराचे स्नायूही गेले असतील. माझ्या वयाची मुले सहा महिन्यांत काय दिसायला लागतात ते मी रोज पडद्यावर पाहतो. एक वर्ष फुकट गेले आहे, आणि चूक कुठे झाली ते कोणी स्पष्ट सांगितले तर उपकार होतील. धीर नको, चूक सांगा.

वहीवाला

वर्ष फुकट गेलेले नाही. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

लोखंडी_शंका

चूक मागितली आहे, तर चूक सांगतो. पहिला फोटो कपडे बदलण्याच्या खोलीतला आहे, दिवा डोक्यावर आहे आणि मानेवर घाम आहे. म्हणजे तो व्यायाम संपताच घेतला. कालचा फोटो घरातला आहे, प्रकाश समोरून आहे, आणि व्यायाम केल्याची एकही खूण दिसत नाही. पहाटपाळी यांनी वर लिहिलेले सगळे तुमच्या या दोन फोटोंना शब्दशः लागू पडते. या जोडीवरून तुम्ही वाढलात की घटलात, यातले काहीच सिद्ध होत नाही. ती जोडी पुसून टाका.

दोन किलोंचे म्हणाल, तर स्नायू सहा दिवसांत असे गळत नाहीत. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. खाणे एकदम तोडले की तो साठा उतरतो, त्याबरोबर पाणी उतरते, पोटात वाटेत असलेले अन्नही कमी होते, आणि काटा खाली येतो. पुन्हा नीट जेवू लागलात की तो तीन-चार दिवसांत परत वर येईल. खरी खूण बारवर शोधा. त्या आठवड्यात ७० किलोची सहा आवर्तने निघाली का?

तेविशीतला

निघाली. शेवटचे जड गेले, पण निघाले.

लोखंडी_शंका

मग स्नायू कुठेही गेलेले नाहीत. आता पडद्यावरच्या मुलांचे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुषांच्या चार गटांची दहा आठवड्यांनी तुलना केली गेली. ज्यांनी व्यायाम केला आणि औषधाच्या नावाखाली निष्क्रिय द्रव्य घेतले, त्यांचे चरबीविरहित वजन सुमारे २ किलोंनी वाढले. ज्यांनी टेस्टोस्टेरॉनची मोठी मात्रा टोचून घेतली आणि व्यायाम अजिबात केला नाही, त्यांचे सुमारे ३ किलोंनी वाढले. दोन्ही करणाऱ्यांचे ६ किलोंहून थोडे अधिक. मधला आकडा पुन्हा वाचा; बसून राहिलेला माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. पडद्यावरचा प्रत्येक जण औषध घेतो असे मी म्हणत नाही, कारण नुसत्या डोळ्यांनी ते कोणालाही ओळखता येत नाही. पण जो शर्यतीच्या अटी सांगत नाही त्याच्याशी धावण्यात अर्थ नाही. आणि हे वाचून कोणी भलत्या वाटेला जाऊ नये, म्हणून हेही नोंदवतो की बाहेरून घेतलेल्या या संप्रेरकांनी शरीराची स्वतःची निर्मिती थंडावते, शुक्राणूंची संख्या घटते आणि हृदयाला जोखीम पोहोचते.

पहाटपाळी

शंकारावांनी फोटोंची चूक सांगितली, ती बरोबरच आहे. मला तुमच्या लिहिण्यातली दुसरी गोष्ट खटकली, म्हणून वडीलकीच्या नात्याने विचारते. उत्तर इथे नाही दिले तरी चालेल. आरशात दिवसातून किती वेळा पाहता? व्यायाम चुकेल म्हणून कोणाकडे जाणे टाळले आहे का? बारीक दिसू म्हणून उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालता का?

तेविशीतला

तीनही प्रश्नांचे उत्तर "हो" आहे. आरशात किती वेळा ते मोजलेले नाही, पण दहापेक्षा जास्त. मागच्या महिन्यात जवळच्या मित्राकडचा कार्यक्रम टाळला, कारण त्या दिवशी पायांचा व्यायाम होता. हे सगळेच करतात असे मला वाटत होते.

पहाटपाळी

पुष्कळ जण थोडेफार करतात. पण स्वतःचे धडधाकट शरीर सतत लहान आणि अपुरे वाटणे, आणि त्यापायी माणसांत जाणे बंद होणे, याला वैद्यकात नाव आहे. मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याला मसल डिस्मॉर्फिया म्हटले. तुम्हाला तेच आहे असे मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण या बाबतीत मदत होऊ शकते, आणि ती मदत दंडाचा घेर वाढवून होत नाही, कारण घेर वाढला की नजरेतले माप त्याच्यापुढे सरकते. एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा समुपदेशकाशी एकदा बोलून पाहा. गुडघा दुखला असता तर तुम्ही डॉक्टरांकडे गेलाच असता. व्यायाम सोडा असे कोणीही म्हणत नाही.

साठीकडे

बाळा, मित्राचा कार्यक्रम आणि पायांचा व्यायाम यांत पायांचा व्यायाम दुसऱ्या दिवशी करता येतो. तीन वर्षांत माझे कितीतरी दिवस बुडाले, मांडीला त्याचा पत्ताही लागला नाही.

अडकलेला_प्रेस

मूळ मुद्द्याला धरून थोडे परखड लिहितो. फोटो आणि मापे हा प्रकारच बंद करावा, असे माझे मत आहे. आपण वजने उचलतो, तर उचललेले वजन हाच हिशेब ठेवावा. तुर्की वेटलिफ्टर नईम सुलेमानोग्लू दीड मीटरही उंच नव्हता. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये ६० किलोच्या गटात त्याने १९० किलो डोक्यावर उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक. तो पूर्ण कपड्यांत शेजारून गेला असता, तर या धाग्यावरच्या किती जणांनी मान वळवून पाहिले असते?

वहीवाला

मान वळली नसती हे मान्य. पण मी व्यायाम सुरू केला तो सदरा खांद्यावर नीट बसावा म्हणून, आणि ते कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. चांगले दिसण्याची हौस लोखंडाइतकीच जुनी आहे. त्या काळचा नामवंत शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोने १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली, आर्थर कॉनन डॉइल तिच्या परीक्षकांत होते, आणि त्या स्पर्धेतही नुसत्या स्नायूंच्या आकाराला नव्हे, तर सर्वांगाच्या समतोल वाढीला आणि एकंदर आरोग्याला गुण होते. हौसेला हरकत नाही, मोजमाप मात्र प्रामाणिक हवे. शिवाय आकड्यांनाही खोटे बोलता येते. स्क्वॉट अर्धाच खाली नेला की २० किलो एका दिवसात वाढतात. मी स्वतः सहाव्या महिन्यात ते करून बसलो आहे. पोटऱ्या मांड्यांना भिडेपर्यंत जाणारा ७० किलोचा स्क्वॉट आणि गुडघे जेमतेम वाकवलेला ९० किलोचा, या दोहोंना वहीत एकाच ओळीत बसवता येत नाही.

अडकलेला_प्रेस

हे पटले. अर्धा स्क्वॉट मीही लिहून ठेवला आहे. आता माझे दुखणे मांडतो, नावावरून कळलेच असेल. ओव्हरहेड प्रेस तीन महिन्यांपासून ४० किलोवर अडकला आहे. ४२.५ लावले की तिसऱ्या आवर्तनाला बार कपाळासमोर थांबतो. बाकी सगळे उचल वाढत आहेत.

लोखंडी_शंका

डेडलिफ्टमध्ये १२० चे १२२.५ करता, तेव्हा सुमारे २ टक्के वाढ मागता. प्रेसमध्ये ४० चे ४२.५ करता, तेव्हा सव्वासहा टक्के मागता, आणि तेही शरीरातल्या बऱ्याच लहान स्नायूंकडून. सव्वा किलोच्या प्लेटची जोडी ही व्यायामशाळेत बहुधा सर्वांत लहान असते, म्हणून आपण तिलाच निसर्गनियम समजतो. अर्ध्या किलोच्या प्लेटची जोडी मिळवा आणि एकेक किलो वाढवा. स्पर्धात्मक वेटलिफ्टिंगमध्येही २००५ पर्यंत वजन अडीच किलोंच्या पटीत वाढवावे लागे, तेव्हापासून एकेका किलोने वाढवता येते. जगज्जेत्यांना एक किलो मोलाचा वाटतो, तर आपल्याला वाटायला हरकत नसावी. लहान प्लेट नसतील, तर वजन तेच ठेवून पाचाची सहा, सहाची सात आवर्तने होऊ द्या, आणि तीन सेटमध्ये सात-सात निघाली की मग ४२.५ ला हात घाला.

प्राचीन ग्रीक पैलवान क्रोटनच्या मायलोची गोष्ट सगळ्यांना सांगितली जाते, की तो रोज वासरू उचलत गेला, वासराचा बैल झाला आणि मायलोही तेवढाच बलवान झाला. गोष्ट गोड आहे. पण आठवड्याला अडीच किलो या हिशेबाने वर्षाचे १३० आणि पाच वर्षांचे ६५० किलो होतात. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झे या वेटलिफ्टरने २०२१ साली क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) २६७ किलो उचलले आणि जग थक्क झाले. मायलोचा बैलसुद्धा कधीतरी वाढायचा थांबलाच असेल.

साठीकडे

प्रेस अडकला असेल तर आणखी एक करून पाहा: एक आठवडा सगळी वजने चाळीस टक्क्यांनी कमी करा आणि वेळेवर झोपा. माझ्या बाबतीत निम्मे अडथळे एवढ्यानेच सुटले. उरलेले अजून आहेत.

पहाटपाळी

धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न राहूनच गेला, की दुसऱ्याच्या प्रगतीला काय उत्तर द्यायचे. "जबरदस्त", "आग लावलीत", "असेच चालू ठेवा" हे प्रतिसाद वाईट नाहीत, पण ते कोणत्याही फोटोखाली चिकटवता येतात आणि वाचणाऱ्यालाही ते कळते. मला आजवर सर्वांत आनंद देणारा शेरा एका अनोळखी बाईंनी दिला होता: "मागच्या महिन्यात बार उचलताना तुमची पाठ गोल होत होती, आज शेवटपर्यंत सरळ राहिली." त्यांनी पाहिले होते, आणि लक्षात ठेवले होते. याउलट, मागे मी महिनाभर तापाने अंथरुणाला खिळून होते, सहा किलो वजन गेले, आणि परत आल्यावर चार जणांनी "काय छान बारीक झालीस" म्हणून कौतुक केले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. तेव्हापासून मात्र कोणाच्या घटलेल्या वजनावर, कारण माहीत असल्याशिवाय, मी चांगले किंवा वाईट काहीच बोलत नाही. बोलायचे असले तर उचलीविषयी बोलते.

वहीवाला

मग त्याच रीतीने बोलतो. तेविशीतला, तुम्ही टाकलेल्या आकड्यांवर काल रात्री एपलीच्या सूत्राने हिशेब केला, म्हणजे वजन × (१ + आवर्तने ÷ ३०). वर्षापूर्वी ४० किलोची आठ आवर्तने म्हणजे एका वेळेस उचलता येणारे अंदाजे ५०.७ किलो, आज ७० ची सहा म्हणजे ८४ किलो. पहिल्या वर्षातली ही जवळपास ६६ टक्क्यांची वाढ आहे. माझी बेंच प्रेस चौदा महिन्यांनंतरही तुमच्या मागे आहे. आणि हेही लिहून ठेवतो की त्या दडपणाच्या, अर्धपोटी आठवड्यातही तुम्ही सहावे आवर्तन पूर्ण केलेत.

तेविशीतला

हे मी वहीत लिहून घेतले आहे. माझ्याकडे वही नव्हती, आज आणली.

अडकलेला_प्रेस

अर्ध्या किलोच्या प्लेट मिळाल्या. ४१ किलो, पाच आवर्तने, तीनही सेट. बार कपाळासमोर थांबला, पण या वेळी पुढे गेला.

साठीकडे

उत्तम. मान मागे घेऊन बारला वाट दिलीत की चेहराच चुकवलात?

अडकलेला_प्रेस

हनुवटी मागे घेतली, बार सरळ गेला. आधी मी तो नाकाला वळसा घालून नेत होतो, हे व्हिडिओ काढल्यावर कळले.

तेविशीतला

सहा आठवड्यांनी लिहीत आहे. समुपदेशकांकडे चार वेळा जाऊन आलो. त्यांनी व्यायाम बंद करायला सांगितला नाही. आरसा ठरलेल्या वेळी दोनदाच, आणि मापे व फोटो महिन्यातून एकदाच, असे आम्ही मिळून ठरवले. पहिले काही दिवस हात आपोआप फोनकडे जात होता, अजूनही जातो. फोटो पहाटपाळी यांच्या पद्धतीने काढले, पण माझ्याजवळ ठेवले नाहीत. थोरल्या भावाकडे दिले आहेत, तो तीन महिन्यांनी दाखवील. नीट जेवू लागल्यावर ते दोन किलो पाच दिवसांत परत आले. बेंच प्रेस ७२.५ किलो, सहा आवर्तने. गेल्या शनिवारी पायांचा व्यायाम सोडून मित्राकडे गेलो आणि तो रविवारी केला. मांडी पहिल्यांदाच मोजली, ५३.

लोखंडी_शंका

सहावे आवर्तन छातीला टेकून की हवेतून परत?

तेविशीतला

टेकून, क्षणभर थांबून. भावाने व्हिडिओ काढला आहे.

लोखंडी_शंका

मग ७२.५ मान्य. मांडी कुठे मोजली?

तेविशीतला

गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून २० सेंटिमीटर वर, उभे राहून, वजन दोन्ही पायांवर सारखे ठेवून. पेनाने खूण केली होती.

लोखंडी_शंका

उजवी की डावी?

तेविशीतला

उजवी. डावी पुढच्या महिन्यात.